मागच्या सीटचं गाऱ्हाणं

मिनीव्हॅनचा मालक आपल्याच गाडीच्या शेवटच्या सीटवर सहसा बसत नाही. तो पुढे असतो, स्टिअरिंगमागे, आणि गाडी कशी चालते हे तिथूनच ठरवतो. आमच्याकडे मागची रांग मुलीची. "बाबा, गाडी उड्या मारतेय," हे तिचं वाक्य वर्षभर तरी मी ऐकत होतो. मी सांगायचो, रस्ता खराब आहे. रस्त्यावर खापर फोडण्याची सोय मोठी. तो उलटून बोलत नाही.

मग एकदा टायरमध्ये हवा भरताना मागच्या टायरवरून सहज हात फिरवला. जागोजागी खळगे लागले, चमच्याने कोरल्यासारखे. म्हणजे चाक रस्त्याला धरून चालत नव्हतं, टुणटुणत चाललं होतं. वाकून आत पाहिलं तर शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओघळ, आणि त्यावर धूळ बसून झालेला काळा लेप. गाडी 1,40,000 किलोमीटर धावली होती आणि हे शॉकअप कारखान्यातून आलेलेच होते. मी मुलीला काही बोललो नाही. फक्त पाने काढले.

'शॉक अब्सॉर्बर' हे नाव तसं फसवंच आहे. धक्का झेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगचा स्वभाव असा की एकदा दाबली की वर उसळणार, खाली जाणार, पुन्हा वर. तिला 'पुरे आता' म्हणायला कुणीतरी लागतं, ते काम शॉकअपचं. नळकांड्यात तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक वाटा आणि त्यांवर पातळ झडपा. दांडा वरखाली व्हायला लागला की तेलाला त्या अरुंद वाटांतून जावं लागतं, आणि तेल काही घाई करत नाही. उसळीचा सगळा जोर त्या ओढाताणीत तापून संपतो. म्हणूनच खाचखळग्यांतून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो. आपल्या पाठीला बसायचे हिसके असे ऊब होऊन हवेत जातात, ही कल्पना मला फार आवडते. ब्रिटिश त्याला डॅम्पर म्हणतात; ते नाव जास्त खरं.

काम कागदावर अगदी सोपं होतं. एका बाजूला दोन बोल्ट, म्हणजे एकूण चार. तासाभरात आटपेल असं मी घरात जाहीर केलं.

जाहीर करायला नको होतं. वरचा बोल्ट चाकाच्या कमानीत अशा जागी की डोळ्यांना दिसत नाही, बोटांनीच शोधायचा. खालचा चांगला समोर दिसतो, पण वर्षानुवर्षं पाणी आणि चिखल खाऊन तो बुशच्या, म्हणजे शॉकअपच्या टोकातल्या रबरी अस्तराच्या, आतल्या नळीशी एकजीव झालेला. आदल्या रात्री त्याच्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. त्याने ते पिऊन टाकलं आणि तसाच बसून राहिला. शेवटी पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला आणि सगळं वजन टाकलं. अशा वेळी माणूस कानांनी काम करतो. 'कर्रर्र' झालं तर बोल्ट सुटला. 'कट्' झालं तर तुटला, आणि दिवस गेला. मला दोन्हींच्या मधला काहीतरी आवाज आला. पाना धरून मी तसाच थांबलो, हलायची हिंमत होईना. सुटलाच होता.

जॅकवर मी विश्वास ठेवत नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. त्यामुळे पुढच्या चाकांना ठोकळे, बॉडीखाली दोन स्टँड, आणि दुसरा जॅक मागच्या ॲक्सलच्या आडव्या तुळईखाली. हा दुसरा जॅक विसरून चालत नाही. आमच्या गाडीत स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, आणि गाडी उचललेली असताना ॲक्सलला जास्त खाली लोंबू न देण्याचं कामही शॉकअपच करतो. तो काढला की ॲक्सल खाली येतो, ब्रेकच्या होजला ताण बसतो आणि स्प्रिंगही जागा सोडू शकते.

जुना शॉकअप हातात आल्यावर मुलीने तो उभा धरून दाबला. दांडा आत गेला आणि आतच राहिला. नव्याचा दांडा दाबून धरणारी पट्टी कापली तेव्हा आतल्या गॅसने दांडा हळूहळू बाहेर सारला, झोपेतून उठून आळस दिल्यासारखा. त्याला दाबायला मात्र तिचे दोन्ही हात पुरेनात.

पहिली बाजू बसवली, बोल्ट कचकचून आवळला, आणि मग आठवलं की चाक लोंबकळत असताना शेवटचा आवळा द्यायचा नसतो. बुशचं रबर ज्या स्थितीत आवळाल तीच आपली मूळ जागा समजतं. गाडी खाली टेकली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट पुन्हा सैल केला, जॅकने ॲक्सल गाडीच्या नेहमीच्या उंचीपर्यंत उचलला आणि मग पुन्हा आवळला. दुसऱ्या बाजूला ही चूक केली नाही. तिथे पाना हातातून सटकून बोटं सोलून घेतली.

तासाभराचं काम संध्याकाळी संपलं. बायको म्हणाली, चक्कर मारून बघू. मी किल्ली तिच्या हातात दिली आणि मागच्या रांगेत मुलीशेजारी जाऊन बसलो. गुडघे हनुवटीला टेकले. पहिला गतिरोधक आला, मी दोन्ही हातांनी समोरची सीट पकडली. गाडी एकदा वर झाली, खाली आली आणि गप्प बसली. मुलीने माझ्या हातांकडे पाहिलं. ती हसली नाही, हे तिचं मोठेपण.

थोडं पुढे गेल्यावर मला कानामागे एक आवाज ऐकू यायला लागला. डिकीचं दार सारखं खडखडत होतं.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्यापासून," ती म्हणाली.