कोबी-अननसाचे कोलस्लॉ कडू का होत होते?

कोबी, सफरचंद, द्राक्षे आणि अननस घातलेले कोलस्लॉ, म्हणजे ड्रेसिंगमध्ये कालवलेली कच्च्या कोबीची कोशिंबीर, मी लागोपाठ तीन रविवारी केले आणि तिन्ही वेळा ते पानात वाढेपर्यंत कडू झाले. विकतचे मेयोनेज नको म्हणून ड्रेसिंग घरीच केले होते, आणि त्यात अवघड असे काही नव्हते. अर्धा लिटर दह्याचा चक्का, दोन चमचे तेल, चमचाभर मध, अर्ध्या लिंबाचा रस, मिरपूड आणि चमचाभर फेसलेली मोहरी एकत्र घोटली की ते तयार होते. कालवल्याबरोबर चव घेतली की आंबटगोड आणि मोहरीमुळे किंचित झणझणीत लागे. तासाभराने मात्र घशाशी कडवटपणा रेंगाळे.

पहिला संशय मोहरीवर गेला, म्हणून दुसऱ्या खेपेस ती वगळली. तिसऱ्या खेपेस लिंबाची एकही बी रसात पडू दिली नाही, कोबीही दुसरीकडून आणला. तरीही कडूच! सासूबाई म्हणाल्या, "अगं, दहीच जुने असेल." दही तर मी आदल्या रात्री घरीच विरजलेले होते. तीनदा चक्का वाया गेल्याचा मला मनस्वी राग आला होता आणि कारण सापडल्याशिवाय हा पदार्थ सोडायचा नाही, असे मी ठरवले.

चौथ्या वेळी चार वाट्या घेतल्या, प्रत्येकीत दोन चमचे ड्रेसिंग घातले आणि एकीत कोबी, दुसरीत सफरचंद, तिसरीत द्राक्षे व चौथीत अननस असे वेगवेगळे कालवून ठेवले. तासाभराने पाहिले, तर पहिल्या तीन वाट्या ठीक होत्या. अननसाच्या वाटीत मात्र प्रत्येक फोडीभोवतीचा घट्ट चक्का सैल होऊन ताकासारखा ओघळला होता, आणि बोट बुडवून चाटले तर तीच कडू चव! ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे, प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असते. दह्यातील प्रथिनांचे त्याने जे तुकडे होतात, त्यांतील काही चवीला कडू असतात. मटण लवकर शिजावे म्हणून आपण कच्ची पपई लावतो, तिच्यातील विकराचे कामही याच जातीचे. उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होते, त्यामुळे डब्यातल्या अननसाने हा त्रास होत नाही.

आता मी अननसाच्या बारीक फोडी दोन चमचे साखरेबरोबर कढईत घालते, रस उकळू लागल्यावर आणखी पाच मिनिटे शिजवते आणि पूर्ण गार झाल्यावरच कोबीत मिसळते. फोडी आतपर्यंत गरम व्हायला हव्यात. नुसत्या कोमट करून भागत नाही.

कोलस्लॉच्या तळाशी पाणी सुटण्यात मिठाचाही हात असतो, हे सांगायचे राहिले. कोबी विळीवर अगदी बारीक चिरून, मीठ चोळून वीस मिनिटे रोवळीत ठेवावा आणि मुठीत घट्ट पिळून घ्यावा. मग ड्रेसिंगमध्ये वेगळे मीठ चव पाहूनच घालावे. सफरचंद शेवटी चिरून त्याला लगेच लिंबू लावावे, नाहीतर ते काळे पडते.

मागच्या रविवारी केलेले कोलस्लॉ रात्री फ्रिजमधून काढले, तेव्हा चक्का फोडींना तसाच घट्ट चिकटून होता. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतले, तेव्हा मला फार समाधान वाटले.