फेअरफॅक्स ३ हाती आलं तेव्हा

जॉन गावरच्या ‘कन्फेसिओ अमान्टिस’ या चौदाव्या शतकातल्या इंग्रजी दीर्घकाव्याची फेअरफॅक्स ३ ही सचित्र हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. ती मला प्रत्यक्षच पाहायची होती, फोटोवर भागत नव्हतं. गावरने हे काव्य आधी राजा दुसरा रिचर्ड याच्यासाठी लिहिल्याचं म्हटलं होतं. पुढे ते बदलून लँकेस्टरच्या हेन्रीला, म्हणजे पुढच्या राजा चौथ्या हेन्रीला, अर्पण केलं. या प्रतीत काही जागी जुन्या ओळी खरवडून त्यांवर नव्या लिहिल्या आहेत. ती खरवड डोळ्यांनी बघायची होती.

अर्जासाठी कॉलेजचं पत्र मागवलं. ते आलं अगदी मोघम. मूळ प्रतच का हवी, याबद्दल अवाक्षर नाही. दुसरं पत्र येईपर्यंत तीन आठवडे गेले.

वाचक-कार्ड मिळण्याआधी प्रतिज्ञा मोठ्याने वाचावी लागते : कुठलीही वस्तू बाहेर नेणार नाही, तिला इजा करणार नाही, आत आग वा ज्योत आणणार नाही, पेटवणारही नाही. वाचताना पोथ्यांच्या शेवटी असतं ते ‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेत्’ (तेलापासून राख, पाण्यापासून राख) आठवलं आणि गळा दाटला.

बॉडलियनच्या वेस्टन इमारतीतल्या वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. हातमोजे देतील असं वाटलं होतं, पण हात स्वच्छ धुऊन कोरडे करायला सांगितलं. मोज्यांत बोटांना पानाची कड कळत नाही आणि ती फाटू शकते. पोथी फोमच्या उतारांवर ठेवली, म्हणजे तिच्या बांधणीच्या पाठीवर ताण येत नाही. पानं चर्मपत्राची, म्हणजे कमावलेल्या कातड्याची; ते हवेतली ओल शोषून आक्रसतं-फुगतं. रंग मात्र तसा ताणला जात नाही, मग त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून कोणतंही पान मी दाबून सपाट केलं नाही.

सुरुवातीलाच बायबलमधल्या नेबुखद्नेस्सर राजाच्या स्वप्नातला पुतळा आहे : सोन्याचं डोकं, चांदीची छाती, पायांत माती मिसळलेली. खूप वेळ तिथेच थांबले. मग खरवडलेली जागा सापडली. पान तिरप्या उजेडात आलं तेव्हा तिथला पृष्ठभाग किंचित लवदार दिसला, शाई आजूबाजूपेक्षा जराशी पसरलेली.

ही पोथी सर थॉमस फेअरफॅक्सच्या संग्रहातून आली. इंग्लंडच्या यादवी युद्धात 1646 मध्ये ऑक्सफर्ड घेतल्यावर संसदेच्या याच सेनापतीने या ग्रंथालयावर पहारा बसवला होता. त्या पहाऱ्यातल्या शिपायांना आत काय आहे ते ठाऊक तरी होतं का, कोण जाणे. मला त्यांचे आभार मानावेसे वाटले.

वेळ संपली तेव्हा निम्मीही पानं झाली नव्हती. उद्यासाठी राखून ठेवा, असं सांगून मी पोथी काउंटरवर दिली.