गुलमोहराचा बुडखा, अपडेट : एकदाचा वर आला

तर मंडळी, बुडखा वर आलाय. खड्ड्याच्या काठावर दोन जुन्या सागवानी वाशांवर बसलाय आणि घरातले येताजाता त्याला बघून जातायत. मागच्या अपडेटनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की शेवटी जेसीबी लावला का, तर नाही लावला, लावताच आला नसता. इंदूरच्या लोकमान्य नगरातलं आमचं घर जुनं, फाटक सहा फुटांचं, आणि समजा जेसीबी आत आला असता तरी झाड ज्या कोपऱ्यात होतं तिथे एकीकडे कंपाउंडची भिंत, दुसरीकडे ड्रेनेजचं चेंबर आणि मधून नर्मदेच्या पाण्याची लाइन. ती लाइन फुटली असती तर आईने मलाच त्या खड्ड्यात पुरलं असतं.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात: गुलमोहर, बुंधा साडेतीन फूट व्यासाचा, जमिनीलगतचा मुळांचा फुगवटा धरला तर पाच फूट. झाड वाळलं होतं, रीतसर परवानगी काढून तोडलं. (मध्य प्रदेशात शहरी हद्दीतल्या झाडांसाठी २००१ चा कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो, स्वतःच्या अंगणातलं झाड असलं तरी.) तोडणाऱ्यांनी जेमतेम दीड फूट ठेवलं. कोणी झाड तोडून घेणार असाल आणि नंतर बुडखाही काढायचा असेल तर त्यांना तीन-चार फूट खोड ठेवायला सांगा, तीच पुढे तरफ होते, वरून दोर लावून हलवता येतं. दीड फुटाला तरफ नाही, मग एकच रस्ता उरतो, सरळ वर उचलणे.

सल्ले भरपूर आले. शेजारचे अण्णा रोज फाटकाशी उभे राहून, "अरे भोकं पाड आणि हिंग भर, आपोआप जाईल." म्हटलं अण्णा, झाड मेलेलंच आहे, आता हिंग कोणाला खाऊ घालू? कोणी मीठ सांगितलं, कोणी रॉकेल. मिठाने माती बिघडते, आणि बोअर दहा फुटांवर असताना जमिनीत रॉकेल ओतणारा माणूस मी नाही. शोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट भरला तर लाकूड लवकर कुजतं हे खरं, कारण कुजवणाऱ्या बुरशीला नायट्रोजन मिळतो, पण तरी महिनोन्‌महिने लागतात, एवढ्या मोठ्या बुडख्याला तर दोन-तीन पावसाळे धरा. जाळणं तर बादच, शहरात उघड्यावर जाळायला बंदी आहे आणि वाळलेली मुळं जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसत राहतात, वरून कळतही नाही.

आता खरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे वेळ. झाड तोडलं मे महिन्यात आणि काका म्हणत होते लगेच काढ, पण माळव्याची काळी माती मे मध्ये दगड असते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांच्या मधल्या ढेकळावर सब्बल (पहार) मारली की नुसती उडून परत येते. पावसाळ्यात हीच माती फुगते आणि डिंकासारखी धरते, फावडं आत गेलं की बाहेर निघत नाही, बूट तर विसराच. पाऊस गेल्यावर, दसरा ते दिवाळीच्या मधे, वाफसा येतो तेव्हा ती लोण्यासारखी नाही पण माणसासारखी वागते. शेतकरी रब्बीच्या पेरणीला ज्याची वाट बघतात तेच आपल्यालाही हवं असतं. मूठभर माती दाबली, गोळा झाला, आणि बोटाने टोचल्यावर फुटला, की गैंती (कुदळ) उचला. मी तोपर्यंत थांबलो आणि जे थांबणं सगळ्यांना आळस वाटलं त्यामुळे खोदकाम निम्म्यावर आलं असं माझं ठाम मत आहे.

खोदताना बुडख्याभोवती अडीच फूट रुंद चर घेतला, कमी घेतला तर आत बसून करवत चालवता येत नाही. वरची अडीच फूट काळी माती, त्याखाली पिवळा मुरूम लागला, आणि गुलमोहराची मुळं मुरुमात शिरायच्या भानगडीत न पडता त्याच्यावरून आडवी पसरलेली. हे झाड उथळ मुळांचं म्हणून तर वादळात मुळासकट पडतं आणि फरश्या उचकटतं. मोठी मुळं नऊ निघाली, सगळ्यात जाड माझ्या मांडीएवढं, बरोबर नर्मदेच्या लाइनीच्या वरून गेलेलं. तिथे गैंती, सब्बल सगळं बंद, फक्त खुरपं आणि हात.

मग धुणं. ह्याला लोक कंटाळतात पण हेच काम वाचवतं. बोअरचं पाणी प्रेशर वॉशरने मारून प्रत्येक मूळ चारी बाजूंनी स्वच्छ केलं, गाळ तगारीने (घमेल्याने) बाहेर. कारण मातीत चाललेली चेनसॉची चेन मिनिटभरात बोथट होते. आणि नुसती माती नाही, एका मुळाने अर्धी वीट गिळली होती, अक्षरशः, सालीचे दोन ओठ विटेवरून वाढत येऊन मधे मिटत आले होते, बाहेरून फक्त एक लाल रेघ दिसत होती. धुतलं नसतं तर बरोबर तिथेच चेनसॉचा बार (चेन ज्यावरून फिरते ती पट्टी) घातला असता. दुसऱ्या एका मुळात काळी गिट्टी तशीच.

कापायला १६ इंची इलेक्ट्रिक चेनसॉ, थ्री-एट लो प्रोफाइल चेन, तिला धार लावायला चार एमएमची गोल कानस लागते, ती सियागंज बाजारातून आणली, जोडीला दोन चेन एक्स्ट्रा. भुसा जाड कीस पडत असेल तोपर्यंत ठीक, पिठासारखा पडायला लागला की थांबा आणि कानस घ्या, जोर लावू नका. खड्ड्यात गुडघ्यावर बसून कापताना बारचं टोक मागच्या मातीला किंवा दुसऱ्या मुळाला लागलं तर मशीन तोंडाकडे उसळतं, म्हणून अडचणीच्या जागी सरळ हाताची आरी आणि कुऱ्हाड. प्रत्येक मूळ दोनदा कापायचं, फूटभराचा तुकडा पूर्ण काढून टाकायचा, एकदाच कापलं तर दोन्ही टोकं एकमेकांना अडवतात आणि बुडखा हलत नाही. फक्त तीन मुळांचे फूट-फूट तुकडे बुडख्याला कानांसारखे मुद्दाम ठेवले, ते पुढे कामाला आले.

कापताना झाड का वाळलं तेही कळलं. भिंतीच्या बाजूला बुंध्याला तळहाताएवढी बुरशी होती, वरून तपकिरी लाल आणि व्हार्निश मारल्यासारखी चकचकीत, खाली पांढरी. गॅनोडर्मा. गुलमोहराला ती धरते आणि मुळापासून खात जाते. त्या बाजूची मुळं स्पंजसारखी पांढरट, कुऱ्हाडीचा घाव बसत नव्हता, नुसती रुतत होती, आणि रस्त्याच्या बाजूचं लाकूड अजून पिवळट, कडक. म्हणजे ते मोठं झाड निम्म्या मुळांवर उभं होतं, आणि खाली आमची मारुती. असो.

उचलायची आयडिया दादाची. बोअरची मोटर काढणाऱ्यांकडे लोखंडी तिपाई आणि चेन पुली असतेच, गल्लीतल्या बोअरवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "भिया, मोटर तो बहुत निकाली, पेड़ पहली बार." दोन टनी चेन पुली, दिवसाचं भाडं ठरवलं आणि तो स्वतःच थांबला बघायला. तिपाईच्या पायांखाली कोटा फरशीचे तुकडे, नाहीतर काळ्या मातीत पाय रुततात, आणि तिन्ही पाय साखळीने एकमेकांना बांधले म्हणजे फाकणार नाहीत. वायर रोप त्या तीन कानांखालून. नायलॉनचा दोर अजिबात नको, ताणतो आणि तुटला तर चाबकासारखा मागे येतो.

पुली ओढायला लागलो, साखळी ताठ झाली, आणि मग बराच वेळ काहीच नाही, फक्त फरशी खाली कचकच. वजनापेक्षा खालचा चिखल जास्त धरून ठेवतो, तो हवा आत जाऊ देत नाही. दादाने बाजूने सब्बल खाली घालून जरा हलवली तसा खालून एक लांब ओला सुस्कारा आला आणि बुडखा दोन बोटं वर. सगळे ओरडले. मोबाइलच्या टॉर्चने बघितलं तर मधोमध एक मूळ सरळ मुरुमात गेलेलं, मनगटाएवढं. इथे कितीही मोह झाला तरी लटकत्या बुडख्याखाली हात घालायचा नाही. आधी वाशांचे तुकडे खाली सरकवून पॅकिंग दिलं, भार त्यावर टेकवला, मग लांब दांड्याच्या आरीने ते कापलं. पुढे चार बोटं उचल, पॅकिंग दे, परत उचल. संध्याकाळच्या आरतीपर्यंत वर.

अण्णा म्हणाले, "हिंगाने एवढा त्रास झाला नसता."

आता राहिलेलं. खड्डा काळ्या मातीने भरणार नाही, ती दर पावसाळ्यात फुगून दर उन्हाळ्यात बसते आणि शेजारी भिंत आहे, त्यामुळे खाली मुरूम थरांनी कुटून आणि वर फूटभर माती. जमिनीत राहिलेली लांबची मुळं कुजू देतोय, वाळवी लागली तर घराच्या बाजूला औषध मारावं लागेल. तिथे लगेच झाड नाही, गॅनोडर्मा मातीतल्या जुन्या मुळांवर टिकून राहतो. आईला तिथे पारिजातक हवाय, तो सध्या कुंडीत.

आणि बुडखा फाटकातून बाहेर जात नाहीये. पाच फुटांचा फुगवटा आणि सहा फुटांचं फाटक, कागदावर बसतं, पण कान धरले तर नाही, आणि कान कापले तर उचलायला काही उरत नाही. त्यामुळे तिथेच दोन भाग करायचे आहेत. माझा १६ इंची बार दोन्ही बाजूंनी घातला तरी मधे दहा इंच राहतं. इंदूरमध्ये कोणाकडे २४ इंची बारचं पेट्रोल मशीन असेल आणि रविवारी मोकळे असाल तर सांगा, पोहे-जिलबी माझ्याकडून, आणि चांगल्या बाजूचं लाकूड हवं असेल तर घेऊन जा.