बरनचा चुनखडीचा सडा: आयर्लंडची रानफुलं बघायला जाणाऱ्यांसाठी

आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर परगण्याच्या उत्तर भागात, अटलांटिकला लागून बरन हा चुनखडकाचा उघडा प्रदेश आहे. रस्त्यावरून पाहिलं तर राखाडी दगडाच्या टेकड्या आणि दगडी गडगे, एवढंच दिसतं. मात्र आयर्लंडमधल्या देशी वनस्पतींपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक जाती या एका भागात सापडतात. ते गाडीतून दिसत नाही, उतरून गुडघ्यावर बसावं लागतं. बरनला जाऊन 'नुसते दगड होते' म्हणत परतणारे बहुतेक जण बसमधून एक थांबा घेऊन गेलेले असतात.

एकदाच जायचं असेल तर मे महिन्याचा मधला काळ ते अखेर धरा. एप्रिलच्या शेवटी जांभळी अर्ली पर्पल ऑर्किड आणि प्रिमरोझ असतात, निळं स्प्रिंग जेन्शियन नुकतं सुरू होत असतं. मेच्या मध्यावर जेन्शियन आणि पांढरं माउंटन ॲव्हेन्स एकाच लादीवर, शेजारी शेजारी फुललेली मिळतात. जूनमध्ये जेन्शियन संपतं आणि किरमिजी ब्लडी क्रेन्सबिल सगळीकडे पसरतं. बी ऑर्किड शोधायची तर जूनचा उत्तरार्ध बरा. आम्ही मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेलो होतो, त्यामुळे पुढचं वर्णन त्या दिवसांचं आहे.

मुक्काम बॅलीव्हॉनला केला. तिथून किनारा आणि आतला भाग दोन्ही जवळ पडतात. निदान तीन पूर्ण दिवस हाताशी ठेवा, कारण जेन्शियन ऊन असेल तेव्हाच उमलतं. आभाळ आलं की पाकळ्या पीळ घालून मिटतात आणि मग गवतात निळसर काडी उभी असल्यासारखं दिसतं. ढगाळ सकाळी त्यावरून चालत गेलात तरी कळणार नाही. ऊन पडलं की बाकी बेत बाजूला ठेवून किनाऱ्याला निघायचं, साधारण अकरा ते चार ही वेळ गाठायची. ढगाळ दिवस खडकाच्या भेगांमधल्या नेच्यांसाठी उत्तम, त्यांना उन्हाची गरज नसते आणि फोटोही सपाट उजेडात चांगले येतात.

किनाऱ्याचा टप्पा म्हणजे ब्लॅक हेडपासून फॅनोरवरून पूलसालापर्यंतचा रस्ता. इथे लाद्या थेट समुद्रापर्यंत उतरतात. युरोपात एरवी उंच डोंगरावर किंवा पार उत्तरेला जाऊन बघावी लागणारी माउंटन ॲव्हेन्ससारखी झाडं इथे लाटांच्या आवाजात उगवलेली असतात. ॲव्हेन्सची ओळख पानांवरून करा: ओकच्या पानासारखी कातरलेली बारकी पानं, वरून गडद हिरवी, उलटून पाहिली तर पांढरी लव. फुलाला बहुधा आठ पाकळ्या, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. फूल गळाल्यावर बियांचे पिसासारखे तुरे राहतात आणि सुरुवातीला तेही पिळलेले असतात. जेन्शियन त्याहून लहान. दोन-चार सेंटिमीटरच्या देठावर एकच फूल, पाच पाकळ्या, दोन पाकळ्यांच्या मध्ये एक छोटी दुभंगलेली चुणी आणि घशाशी पांढरा ठिपका. नवखे लोक मिल्कवर्टच्या निळ्या फुलांना जेन्शियन समजतात. मिल्कवर्टची फुलं बारकी, वेडीवाकडी आणि एका दांडीवर अनेक असतात. ब्लॅक हेडच्या बाजूला पिवळं होअरी रॉकरोझही बघून घ्या.

बरनच्या लादीला क्लिंट म्हणतात आणि दोन लाद्यांमधल्या भेगेला ग्राइक. सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्रातला हा गाळाचा खडक. हिमनद्यांनी त्यावरची माती खरवडून नेली आणि पावसाच्या किंचित आम्लयुक्त पाण्याने सांधे विरघळवत भेगा रुंद केल्या. आपल्याकडे कासच्या सड्यावर पातळ मातीखाली पाणी अडून राहतं, ओलावा संपेपर्यंत फुलं असतात. बरनमध्ये उलट आहे. भरपूर पाऊस पडूनही पाणी भेगांतून खाली निघून जातं आणि वर ओढे जवळजवळ नाहीतच. भेगेच्या आत मात्र वारा लागत नाही, सावली आणि दमटपणा टिकतो. म्हणून एका लादीवर तीन थर वेगवेगळे शोधावे लागतात: उघड्या दगडावर शेवाळं आणि दगडफूल, लादीच्या कडेच्या मूठभर मातीत जेन्शियन आणि ॲव्हेन्स, आणि भेगेत हार्ट्स टंगची लांब जिभेसारखी पानं, हर्ब रॉबर्ट, कधी वाऱ्याने खुजी झालेली हेझल. याच भेगांत मेडनहेअर नेचा मिळतो, हंसराजाच्याच प्रजातीतला. उष्ण हवेतला हा नेचा आणि आर्क्टिकची ॲव्हेन्स काही पावलांच्या अंतरात, हेच या जागेचं खरं नवल. हिवाळा सौम्य, दगड ऊब धरून ठेवणारा, माती निकस असल्याने दांडगं गवत माजत नाही, आणि झाडांची सावली नाही. या सगळ्यांचा हा एकत्रित परिणाम.

आणखी एक विसंगती दिसेल. चुना न मानवणारं हेदरचं झुडूप चुनखडकावरच, तेही ॲव्हेन्सला चिकटून. तिथे दगडावर पीटसारखा कुजलेल्या काडीकचऱ्याचा थर साचलेला असतो, पावसाने त्यातला चुना धुतलेला असतो. हेदरची मुळं त्या थरातच राहतात, खाली दगडाला भिडत नाहीत.

आतल्या भागात कोरोफिनकडून बरन राष्ट्रीय उद्यानाला जा. कोरोफिनमध्ये उद्यानाचं माहिती केंद्र आहे, उन्हाळ्याच्या मोसमात तिथून उद्यानापर्यंत मोफत बस असते. तिच्या तारखा निघण्यापूर्वी बघून ठेवा. रंगीत बाणांच्या पायवाटा गॉर्टलेका चौकाजवळून सुटतात. वेळ कमी असेल तर पांढऱ्या बाणांची दीडेक किलोमीटरची वाट पुरे, त्यात हेझलचं रान, गवताळ पट्टा आणि लाद्या तिन्ही येतात. मुलामोर टेकडीची वाट लांब आहे, अर्धा दिवस ठेवा. तिचे वाकलेले, पायऱ्यांसारखे थर जवळून बघण्यासारखे आहेत. पायथ्याचं टर्लॉख चुकवू नका. हा भेगांतून वर येणाऱ्या भूजलाने भरणारा आणि त्याच भेगांतून रिता होणारा हंगामी तलाव. मेमध्ये पाणी उतरलेलं असेल तर कडेच्या दगडांवर काळ्या शेवाळाची रेघ दिसते, हिवाळ्यात पाणी कुठवर चढतं ते त्यावरून कळतं. त्या रेघेच्या आसपास श्रबी सिंकफॉइलची झुडपं असतात, पिवळी फुलं जूनपासून. पाण्याच्या बाजूला, खालच्या पट्ट्यात, फिकट निळसर फेन व्हायोलेट मिळू शकतं.

ही फुलं टिकण्यामागे गुरं आहेत, हे समजल्याशिवाय बरन समजत नाही. एरवी डोंगरावर उन्हाळ्यात चरायला नेतात, इथे साधारण ऑक्टोबर ते एप्रिल नेतात. याला विंटरेज म्हणतात. हिवाळ्यात गुरं वाळलं गवत खातात, त्यामुळे वसंतात फुलांना उजेड मिळतो. फुलायच्या दिवसांत गुरं खाली गेलेली असतात. चराई थांबली की हेझल आणि ब्लॅकथॉर्न पसरतात आणि थोड्याच वर्षांत लादी झाकली जाते. वाटेत असे पट्टे ओळखू येतात: गडग्याच्या एका बाजूला फुलं, दुसऱ्या बाजूला दाट झुडपं. 2005 मध्ये सुरू झालेल्या बरनलाइफ प्रकल्पापासून पुढे शेतकऱ्याला त्याच्या गवताळ जमिनीच्या प्रतीनुसार, गुण देऊन मोबदला देण्याची पद्धत इथे रुजली. फुलांच्या संवर्धनासाठी कुंपण हाच पहिला उपाय मानणाऱ्यांनी ती नीट अभ्यासावी, असं मनापासून वाटतं.

राष्ट्रीय उद्यानाबाहेरची बरीच जमीन खासगी आहे. खुणा असलेल्या वाटेवरच चला, फाटक जसं सापडलं तसंच ठेवा, गडगा ओलांडू नका. सिमेंट नसलेले ते दगड हात लावताच ढासळतात. कुत्रा नेऊ नका. पूलनाब्रोनच्या पाषाणयुगीन समाधीभोवती लोक दगडावर दगड रचतात, त्यासाठी उचललेल्या प्रत्येक लादीखालचं शेवाळ, गोगलगायी आणि रोपटी उघडी पडून मरतात. फूल, बी, मुळी काहीही तोडू नका. फोटोसाठी आडवं व्हायचं तर उघड्या दगडावर व्हा, गवतावर नाही.

पायांत घोट्याच्या वर येणारे, मऊ रबरी तळाचे बूट हवेत. ओली लादी फार निसरडी असते. काही लाद्या सुट्या असतात, काठावर पाय पडला की डुलतात, म्हणून मध्यभागी पाय टाका. सर्वांत धोक्याच्या त्या गवताने झाकलेल्या भेगा. काही भेगा माणसाच्या कमरेहून खोल असतात, काठीने चाचपल्याशिवाय हिरव्या पट्ट्यावर पाऊल ठेवू नका. चालण्याचा वेग ताशी एक किलोमीटर धरा, तोही आशावादी आहे. सोबत दहापट मोठं दाखवणारं भिंग, गुडघ्याखाली घ्यायला फोमचा तुकडा, वारा अडवणारं जाकीट आणि पाणी घ्या.

शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही, वेगळा काढावा लागतो. गाडी डाव्या बाजूने चालवतात, ही आपल्याला सोय. पण आतले रस्ते एका गाडीपुरते आहेत, मोठी गाडी घेऊ नका. गाडी नसेल तर गॉलवेहून बॅलीव्हॉन, फॅनोर, डूलिन असा किनाऱ्याने जाणारा 350 क्रमांकाचा बसमार्ग आहे. आतल्या भागासाठी मात्र सायकल किंवा टॅक्सी पाहावी लागते. हेझलच्या रानातून आणि उंच गवतातून आल्यावर गुडघ्यांमागे, कमरेशी आणि केसांच्या मुळाशी गोचीड शोधा. तिच्यातून लाइम रोग होऊ शकतो. चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा, पिळू नका, तेल लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत चावल्याजागी पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती देऊन दाखवा.