पाना त्यांच्या हातात

रविवार, रात्र

नखांतलं काळं अजून निघालेलं नाही. तिघांच्याही.

आज पोरींना स्टेपनी बदलायला लावली. पंक्चर वगैरे काही नव्हतं, मुद्दामच. खरं पंक्चर होतं तेव्हा नेमका अंधार असतो, शेजारून गाड्या सुसाट जात असतात आणि फोनवर चार जण चार सल्ले देत असतात. त्या वेळी नवीन काही डोक्यात शिरत नाही.

थोरली थेट जॅककडे धावली. सगळेच धावतात. तिला थांबवून विचारलं, "चाक हवेत गेल्यावर तू नटावर अंग टाकून जोर लावलास, तर तो जोर जाणार कुठे?" ती विचारात पडली. धाकटी मागून म्हणाली, "गाडीला. जॅकवरून घसरेल." बरोबर. म्हणून आधी हँडब्रेक, पहिला गिअर, तिरप्या बाजूच्या चाकाला दगड. मग चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करायचे, आणि त्यानंतर जॅक. तोही कुठेही नाही, दाराखालच्या पट्टीवर खाचा असतात तिथेच.

पण नट हलेना. गाडीच्या पुस्तकात आमचे नट आवळायला १०० न्यूटन-मीटरचा पीळ लिहिलाय. गाडीसोबत येणारा पाना जेमतेम पाव मीटरचा, म्हणजे टोकाला चाळीसेक किलोचा भार हवा. धाकटी लटकली, लाल झाली, "बाबा, तुम्हीच काढा" म्हणाली. माझा हात पुढे गेलाच होता, तो खिशात घातला. या सगळ्या उपद्व्यापात मला सर्वांत जड जातं ते हेच. मी दोन मिनिटांत करीन ते काम अर्धा तास बघत उभं राहायचं. कोपऱ्यात लोखंडी नळी ठेवली होती, तिच्याकडे नुसती मान केली. नळी पान्यावर चढवली, हात अर्ध्या मीटरचा झाला, भार निम्म्यावर आला. कट्ट् असा आवाज झाला आणि नट सुटला. शाळेत तरफेची गणितं सोडवताना कंटाळणारी ही पोरगी पुढचा नट थोरलीला हात लावू देईना.

नळी आवळताना मात्र वापरायची नाही, हे दोनदा सांगितलं. जास्त आवळलं की स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो दांडा, ताणतो, आटे जातात. नट लावताना निमुळती बाजू आत, आणि सुरुवात हातानेच. दोन-तीन फेरे बोटांनी सहज फिरला तरच पाना. अडला तर आटा चुकलाय, काढून पुन्हा लावायचा. मग समोरासमोरचे, तिरपे आवळत जायचे म्हणजे चाक सपाट बसतं. शेवटची आवळणी गाडी खाली उतरवल्यावर. पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघायचा. ते काम थोरलीकडे.

माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की पोरींना यंत्राची भीती वाटत नाही. आपल्या हातून काहीतरी बिघडेल, याची वाटते. म्हणून मी भीती कुठे बाळगायची तेवढं पक्कं करून घेतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली अंगाचा कुठलाही भाग घालायचा नाही. इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कारण आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही आणि झाकण फिरवलं की वाफ होऊन तोंडावर येतं. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह: पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी मग ठिणगी पडत नाही. बाकी डिपस्टिक ओढा, एअर फिल्टरचं झाकण उघडा, फ्यूज काढून बघा, गाडी बंद असताना काऽही होत नाही. ज्याला हात लावायचा नाही ते नक्की माहीत असलं, की उरलेल्याला हात लावायला पोरी कचरत नाहीत.

याचा प्रत्यय मध्यंतरी आला. सर्व्हिसिंगला थोरलीसोबत गेलो होतो. बोलत होती ती, उत्तरं मला मिळत होती. ब्रेक पॅड बदलायलाच लागतील, असं मेकॅनिकने मला सांगितलं. तिने विचारलं, "किती मिलिमीटर उरलेत?" त्याने माझ्याकडे पाहिलं, मी फोनमध्ये डोकं घातलं. शेवटी चाक काढून त्याने दाखवले. सहाच्या आसपास निघाले. तीनपर्यंत आले की बदलतात, हे तिला ठाऊक होतं. मग तो तिच्याशी बोलायला लागला, आणि नीट बोलला. माणूस वाईट नव्हता, सवय होती.

"पोरींना कशाला हे?" असं विचारणारे नातलग आहेतच. मुलगा असता तर याच लोकांनी कौतुकाने फोटो काढले असते. वाद घालत नाही मी. पुढच्या वेळी त्यांची गाडी बंद पडली, की पोरींना पाठवीन म्हणतो.

पुढच्या रविवारी बॅटरी. मल्टिमीटर काढून ठेवलाय. भरलेली, शांत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १४. तो फरक का पडतो ते मी सांगणार नाही, त्यांनीच शोधायचंय. धाकटीने आत्ताच ब्रेक उघडायचा हट्ट धरलाय. त्याला मी अजून नाही म्हणतोय. थोरली मावशीच्या गाडीचं पुस्तक घेऊन बसलीये, जॅक कुठे लावायचा ते बघत. ती गाडी वेगळी आहे, खाचाही वेगळ्या असणार.