सोयाबीनचं मशीन आणि अण्णांचा पीएसए

दिवाळीनंतर एका रात्री अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, लघवी तुंबली. आमचं गाव भूम तालुक्यात, दवाखाना म्हणलं की बार्शी, तिथं नेलं, कॅथेटर टाकलं आणि दोन दिवसांनी रक्ताचा रिपोर्ट आला तर पीएसए (मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीतनं रक्तात येणारं प्रथिन, कॅन्सरमध्ये ते वाढतं) ७.४, बाजूला छापलेलं की ४ च्या आत पाहिजे. डॉक्टर म्हणाले लघवीत इन्फेक्शन आहे, नळी पण घातलेली आहे, यानं सुद्धा पीएसए वाढतो, सहा आठवडे थांबू आणि परत करू. पण तेवढा दम कुणाला निघतो, त्याच रात्री मी मोबाईलवर प्रोस्टेट कॅन्सरचा रिस्क कॅल्क्युलेटर, म्हणजे माहिती भरली की धोका किती टक्के ते सांगणारं पान, उघडून बसलो.

वय ६९, पीएसए, बोटानं केलेली तपासणी नॉर्मल, आधी बायोप्सी (सुईनं ग्रंथीचे तुकडे काढून तपासणी) नाही, सगळं भरत गेलो आणि मग वंश विचारला. आफ्रिकन अमेरिकन, कॉकेशियन, हिस्पॅनिक, आणि सगळ्यात शेवटी 'इतर'. अण्णांना 'इतर'मध्ये टाकताना हात अडखळला. दुसरा एक युरोपातला उघडला तर त्यानं वेगळाच आकडा दिला, आणि दोन्हींपैकी खरं कुणाचं धरायचं हे सांगायला रात्री दोन वाजता कोण होतं?

मग वाचत बसलो. अमेरिकेतला तो कॅल्क्युलेटर २००६ साली आला, साडेपाच हजार माणसांच्या बायोप्सीवर बांधलेला आणि त्यातली बहुतेक सगळी गोरी. युरोपातला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या माणसांवरचा. आफ्रिकन वंशाच्या माणसांना हा कॅन्सर जास्त होतो, म्हणून अमेरिकेनं त्यांचा खाना वेगळा ठेवला. चीन-कोरियातल्या डॉक्टरांनी हेच कॅल्क्युलेटर आपल्या पेशंटवर लावून बघितले तर ते धोका फुगवून सांगायलेत असं दिसलं, म्हणून त्यांनी आपापल्या बायोप्सीच्या नोंदींवर स्वतःचे बनवले.

अण्णांना हे सांगताना मला आडतीवरचं हवा (म्हणजे मालातला ओलावा) मोजायचं मशीन आठवलं. मशीन गव्हावर लावलेलं असेल आणि त्यात सोयाबीन टाकलं तर ओला माल कोणता आणि वाळलेला कोणता एवढं ते बरोबर सांगतं, पण हवा किती हा आकडा चुकतो, आणि भाव तर आकड्यावरच कापतात. कॅल्क्युलेटरचं तसंच आहे. दोघांपैकी धोका कुणाला जास्त एवढं बऱ्यापैकी कळतं, पण टक्का चुकला की नको त्याची बायोप्सी होते, सुया टोचतात, रक्त जातं, कधी इन्फेक्शन होऊन ताप भरतो, आणि ज्याची व्हायला पाहिजे तो घरी बसून राहतो. अण्णा म्हणले, "मग आपल्या मालावर मशीन लावून घ्या की."

तेच तर होईना. आणि नुसता वंश बदलून भागत नाही हे मला नंतर कळलं. तिकडं धडधाकट माणूस चेकअपमध्ये पीएसए करतो. आपल्याकडं लघवी तुंबल्याशिवाय कुणी दवाखान्याची पायरी चढत नाही, मग त्याचा पीएसए इन्फेक्शननं वाढलाय, वाढलेल्या ग्रंथीनं (अण्णांची सोनोग्राफीत ५८ ग्रॅम निघाली) का कॅन्सरनं, हे वेगळं करणं अवघड. म्हणजे परदेशी आकडा आपल्यासाठी कधी जास्त निघंल, कधी कमी. त्यात एशियन म्हणून जपानी, चिनी आणि आपण एकाच पोत्यात.

आमच्या भागाचं एक मला फार मोलाचं वाटतं. बार्शीची कॅन्सर रजिस्ट्री १९८७ साली सुरू झाली, देशातली पहिली ग्रामीण, आणि त्यात बार्शीसोबत आमचे भूम-परंडा पण आहेत. म्हणजे आमच्या खेड्यात कॅन्सर कुणाला झाला याची नोंद इतक्या वर्षांपासून होतेय. पण कॅल्क्युलेटरला ज्यांची बायोप्सी कोरी निघाली, म्हणजे कॅन्सर सापडला नाही, ती माणसं पण लागतात, त्यांचा पीएसए, ग्रंथीचं माप, वय, सगळं. ते कुठं असतं? घरी खुंटीला टांगलेल्या कॅरीबॅगमधी. सोनोग्राफीच्या फिल्म एकमेकींना चिकटलेल्या, लॅबच्या कागदावरची शाई उडालेली. डॉक्टर लोक वाचत असतील तर हात जोडून सांगतो, कोऱ्या निघालेल्या बायोप्सीची नोंद पण ठेवा, आपलं मशीन त्याच्यावरच लागणारे.

सहा आठवड्यांनी पीएसए ३.६ आला. डॉक्टर म्हणले बायोप्सी आत्ता नको, सहा महिन्यांनी परत बघू. घरात त्या दिवशी पुरण घातलं.

पण कॅल्क्युलेटरमधी एक प्रश्न होता, घरात कुणाला प्रोस्टेटचा कॅन्सर होता का, आणि मी बेधडक 'नाही' भरलं होतं. परवा आत्याला फोन करून विचारलं आजोबा कशानं गेले. आम्हाला लहानपणापासून 'म्हातारपणानं' एवढंच माहीत. आत्या आजोबांना दादा म्हणते. ती म्हणली, "लघवीला लई तरास होता रं दादाला, आन् शेवटी शेवटी कंबर आसली दुखायची, रातरातभर बसून काढायचा. कुणी न्हेलंच न्हाई कुठं."

हा कॅन्सर हाडात उतरला की कंबर दुखते हे मी एव्हाना वाचलेलं होतं. आत्याला काही बोललो नाही. डॉक्टरांना दाखवायच्या वहीत अण्णांच्या पानावर 'घरात कुणाला नाही' हे खोडून तिथं आत्याचं वाक्य आहे तसं लिहून ठेवलंय.