पान नाही

रविवार, रात्री

टेबलावर अजून ओढ्याची वाळू पडलीय. लेक झोपायला गेली, पण जाण्याआधी आज सापडलेल्यातले तीन दगड वेगळे काढून त्यांच्यावर रुमाल टाकून गेली.

पहिला तिच्या जिवापाडचा. फिकट चुनखडीच्या चपट्या तुकड्यावर काळंभोर नेच्याचं पान. सापडलं तेव्हा ती इतक्या जोरात ओरडली की मला वाटलं, पाय घसरला. मीही लगेच म्हटलं, "जीवाश्म!" घरी भिंगाखाली धरलं आणि दोघी गप्प झालो. शेवटी तीच बोलली, "आई, याला मधली शीर कुठाय?" नव्हतीच. काळ्या फांद्या दगडातल्या एका भेगेच्या कडेवरून निघून आत पसरल्या होत्या. हे डेंड्राइट. भेगेतून झिरपणाऱ्या पाण्यातलं मँगनीजचं ऑक्साइड साचत जातं, पुढे आलेल्या टोकांना नवे कण आधी चिकटतात आणि फाटे फुटत राहतात. तिथे पान कधी नव्हतंच. हे तिला सांगणं मला फार जड गेलं. "जीवाश्म" हा शब्द आधी मीच उच्चारला होता ना.

दुसरं 'अंडं'. फुटलेल्या बाजूने पाहिलं तर आतबाहेर सारखाच दगड, कवचाचा थर कुठेच नाही. गाळात खनिजं साचून असे गोल गोटे तयार होतात. तिने ते फारसं मनाला लावून घेतलं नाही.

तिसरी वस्तू तिच्या खिशाच्या तळाशी होती. शर्टाच्या बटणाएवढी चकती, मधोमध भोक, आणि भोकापासून कडेपर्यंत केसासारख्या बारीक रेघा. कडेचा एक टवका उडालेला, तिथे दिव्याखाली सपाट चकाकी. क्रिनॉइडच्या देठाचा मणी! तारामाशाच्या नात्यातला हा समुद्री प्राणी. त्याचा देठ अशा एकावर एक रचलेल्या चकत्यांचा असतो. तो मेला की मऊ भाग कुजतो आणि चकत्या विखुरतात. प्रत्येक चकती म्हणजे कॅल्साइट या खनिजाचा एकसंध स्फटिक, म्हणून तुटलेली बाजू अशी चमकते. तिला ती व्हिनेगरने घासून लख्ख करायची होती. मी हात धरला, कारण आम्लात कॅल्साइटच विरघळतं. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरलं.

"किती जुनं?" क्रिनॉइड पृथ्वीवर 45 कोटी वर्षांहून जास्त काळ आहेत, खोल समुद्रात आजही आहेत. नुसत्या चकतीवरून वय काय सांगणार? ते खडकाच्या थरावरून ठरतं, आणि ही तर पाण्यासोबत वाहत आलेली. निदान कुठल्या वळणावर उचलली ते तरी लिहून ठेवायला हवं होतं. जागेवरच, शेजारी नाणं ठेवून फोटो काढायला हवा होता. याची मला रात्रभर रुखरुख लागणार.

झोपताना मेरी ॲनिंगची गोष्ट सांगितली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर वडील मुलांना जीवाश्म वेचायला न्यायचे. ते गेल्यावर 1811मध्ये तिच्या भावाला एक मोठी कवटी सापडली, आणि पुढे मेरीने उरलेला सांगाडा शोधला. आधी लोकांना ती मगर वाटली होती, निघाला इक्थिओसॉर, म्हणजे माशासारखा दिसणारा, केव्हाच नामशेष झालेला समुद्री सरपटणारा प्राणी. "म्हणजे त्यांचंही आधी चुकलं," ती म्हणाली आणि कूस बदलली.

आत्ता रुमाल उचलला तर खाली दोन चिठ्ठ्या. चकतीजवळ: "क्रिनॉइड, बहुतेक. ओढा, मोठ्या दगडाच्या पलीकडे." नेच्याजवळ: "पान नाही. टाकायचं नाही."